मॉडेल रोलर कोस्टर बनवताय? आधी गाडी बनवा, रूळ नंतर

रूळ मस्त वाकवलेला, खांब उभे, रंगही मारून झालेला, आणि गाडी सोडली की दुसऱ्या टेकडीच्या अलीकडं दोन बोटं थांबते अन् मागं घरंगळत येते. आमच्याकडच्या पोट्ट्यांनी बनवलेले जेवढे मॉडेल रोलर कोस्टर मी पाहिले त्यातले निम्म्याहून जास्त असेच फसलेले, आणि कारण दरवेळी एकच, कामाचा क्रम उलटा. सगळे आधी रूळ बनवतात कारण तोच दिसायला भारी असतो, मग खांब लावतात, आणि गाडी सगळ्यात शेवटी कशीबशी त्या रुळावर बसवतात. पण राजेहो, गाडी किती घासते हे माहीत नसताना टेकडी किती उंच ठेवायची हे ठरवलं कसं? अंदाजानं. आणि अंदाज चुकला की सगळं खोलून परत.

म्हणून खालचा क्रम. यात जे मॉडेल धरलंय ते एका जुन्या दाराच्या पल्ल्यावर बसतं, साधारण २ मीटर लांब, ९० सेंमी रुंद. लिफ्टच्या (गाडी साखळीनं वर ओढून नेणाऱ्या चढणीच्या) माथ्याची उंची ९० सेंमी, गाडी एकच. लूप (गाडी उलटी होते ते उभं गोल वळण) नाही. पहिल्या मॉडेलला लूप नकोच, का ते शेवटी सांगतो.

## ० : सामान, आणि काय आणायचं नाही

रुळासाठी गॅस वेल्डिंगवाल्याकडं तांबं चढवलेली लोखंडी सळी मिळते, मीटरभर लांब, सरळ. ३.१५ मिमी जाडीची रुळाला, २.४ ची स्लीपरला (दोन रुळांना जोडणारी आडवी काडी), १.६ ची खालच्या पायांना. तांब्याचा थर असल्यामुळं सोल्डर झटकन धरतं. तालुक्याला नसली तर अमरावती-नागपूरला वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते.

कुंपणाची जीआय तार आणू नका. मी पहिल्यांदा तीच आणली होती कारण घरात वेटोळं पडूनच होतं, वावराच्या कुंपणातून उरलेलं. वेटोळ्यातून काढलेली तार कितीही ठोका, कितीही ओढा, तिच्यात बारीक लाटा राहतातच, डोळ्याला दिसत नाहीत पण गाडी त्यावरून खडखडत जाते आणि तिचा जोर तिथंच जिरतो. वरून जस्ताचा थर. जास्त तापवला की त्याचा धूर निघतो, तो छातीत गेला की ताप भरतो.

बाकीचं :

- ६२३ नंबरची बेअरिंग, १२ नग अधिक २-३ जास्तीची (आतलं भोक ३ मिमी, बाहेरून १० मिमी, रुंदी ४ मिमी)
- एम ३ चे बोल्ट, नट, वायसर
- पाटी बनवणाऱ्याकडचे एसीपी शीटचे (मध्ये प्लास्टिक, दोन्हीकडं ॲल्युमिनियम) तुकडे, भंगारात टाकतो तो
- २० मिमीचा लाईट फिटिंगचा पाईप, खांबांना
- १२ व्होल्टची गियर मोटर, ३० आरपीएम (मिनिटाला ३० फेरे)
- रोलर पडद्याची मण्यांची साखळी आणि तिचंच चाक
- १०० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून आधी लावतात ते)
- गवंड्याची पाण्याची नळी आणि ओळंबा

बॅटरी विकत घ्यायची गरज नाही, फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरोघरी असते. फक्त फवारणीच्या दिवसांत ती काढून नेली तर घरात काय ऐकावं लागतं ते तुमचं तुम्ही बघा.

आयर्नबद्दल एक. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज पडलं की १०० वॅटचं आयर्न नुसतं कोमट होतं, सोल्डर दाण्यासारखं बसतं आणि सांधा वरून चिकटलेला दिसतो पण आतून सुटा असतो. सोल्डरिंग सकाळी करा, लाईट धड असते तेव्हा.

## १ : गाडी

खऱ्या रोलर कोस्टरच्या गाडीला तीन प्रकारची चाकं असतात. वरची, जी वजन घेते. बाजूची, जी वळणावर धरते. खालची, जी गाडी उडू देत नाही. आपल्यालाही तिन्ही पाहिजेत. "आपलं छोटंसं आहे, वरची चार पुरे" असं म्हणणाऱ्यांच्या गाड्या मी खाटेखालून शोधून दिल्या आहेत.

एका बाजूला तीन बेअरिंग, दोन बाजू म्हणजे सहा, हा झाला एक बोगी. असे दोन बोगी, मधलं अंतर ७ सेंमीच्या आसपास. रुळांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४० मिमी धरा. वरचं आणि खालचं चाक रुळाच्या बरोबर मधोमध बसवू नका, १ मिमी बाहेरच्या अंगाला सरकवा, म्हणजे आतल्या बाजूनं येणाऱ्या स्लीपरच्या सांध्याला ते घासणार नाही. हा एक मिलिमीटर विसरला तर पुढं प्रत्येक सांधा कानसीनं घासत बसाल.

मागचा बोगी गाडीला घट्ट. पुढचा मात्र मोकळा, म्हणजे डावी-उजवीकडं वळला पाहिजे आणि कुशीवरही थोडा कलला पाहिजे. वळण चालू होतं तिथं रूळ पिळलेला असतो, त्यामुळं पुढचा बोगी तिरका आणि मागचा अजून सपाट अशी वेळ येतेच. दोन्ही घट्ट असले की गाडी तिथंच चिमटते. एका बोल्टवर, मोठ्या भोकात, मध्ये बॉलपेनची स्प्रिंग टाकून बसवला की काम होतं.

नवीन बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस असतं. गाडी इतकी हलकी की ते ग्रीसच तिला थांबवतं. पेट्रोलमध्ये धुवून वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या.

> सावधान : पेट्रोलचं काम अंगणात, चूल-बिडी-आयर्न सगळ्यापासून लांब. झाकणाची बरणी घ्या, वाटीत उघडं ठेवू नका.

गाडीचं वजन १५० ग्रॅमच्या आसपास आणा, लोखंडी वायसर लावून, आणि ते वजन खाली, रुळाच्या जवळ. फार हलकी गाडी हवेनं आणि बेअरिंगच्या घासण्यानं लवकर मरते.

तपासा : सळीच्या सरळ तुकड्यावर गाडी चढवा. बाजूच्या चाकात आणि रुळात एक व्हिजिटिंग कार्ड सहज गेलं पाहिजे, दोन कार्डं थोडी अडकत गेली तर बरोबर. खालच्या चाकाचंही तसंच. गाडी उलटी धरली तर पडू नये.

## २ : एक मीटरची परीक्षा

हीच पायरी सगळे सोडतात, आणि सगळं काम हिच्यावरच उभं आहे.

दोन सळ्या घ्या, चार-पाच स्लीपर लावून एक मीटरचा सरळ रूळ करा. टेबलावर ठेवा. एक टोक हळूहळू उचला, खाली वह्या सरकवत. गाडीला बोटानं हलका धक्का द्या. थांबली तर अजून उचला. एक जागा अशी येईल की धक्का दिल्यावर गाडी ना जोर धरते ना मंदावते, एकाच चालीनं टोकापर्यंत जाते. तेव्हा उचललेलं टोक टेबलापासून किती सेंमी वर आहे ते मोजा.

तो आकडा म्हणजे तुमची गाडी सरळ रुळाच्या दर मीटरला किती सेंमी उंची खाते. माझी आत्ताची गाडी अडीच खाते. आधीची, ग्रीस न धुतलेली, सहा खात होती. बस, रूळ वाकवायच्या आधीच कळलं की नाही?

चार सेंमीच्या वर आला तर पुढं जाऊ नका. बोल्ट फार आवळलेत का बघा (बेअरिंगला बाजूनं दाब बसतो), बाजूची चाकं फिट्ट आहेत का बघा, चारही वरची चाकं रुळाला टेकतात का बघा. बहुतेकदा एक चाक हवेत असतं.

## ३ : उंचीचा हिशोब

आता वही काढा. गाडी शिखरावर असते तेव्हा तिच्या खात्यात ९० सेंमी जमा. रूळ जसजसा पुढं जातो तसतसे त्यातून वजा. सरळ रुळावर मीटरला अडीच, पण खोलगट भागात आणि वळणावर चाकं दुप्पट-तिप्पट जोरानं दाबली जातात, घासणंही तेवढंच वाढतं, म्हणून पहिल्या उतारानंतर सरसकट दुप्पट धरा, म्हणजे मीटरला ५.

पहिल्या उताराचा तळ, १.२ मीटरवर : ९० मधून ३ गेले, खात्यात ८७. रूळ इथं १० सेंमी उंचीवर, म्हणजे वापरायला बाकी ७७.

दुसरी टेकडी, ३ मीटरवर : आणखी ९ गेले, खात्यात ७८. टेकडी ४५ ठेवली तर बाकी ३३.

मोठं वळण, ५ मीटरवर : खात्यात ६८, रूळ २० वर, बाकी ४८.

ब्रेक, साडेसात मीटरवर : खात्यात साडेपंचावन्न, स्टेशन ४० वर, बाकी साधारण १५.

या "बाकी"वरून सगळं निघतं. बाकीला ५ नं भागा, वर्गमूळ काढा, तो मीटर-सेकंदात वेग. ७७ चं निघतं जवळपास ३.९, म्हणजे ताशी १४ किमी, एवढुशा दारावर लय झालं. ब्रेकला १५ म्हणजे १.७.

बाकीची दुप्पट करा आणि त्या जागी रूळ जेवढ्या गोलात वाकलाय त्याच्या त्रिज्येनं (सेंमीत) भागा, हा दुसरा आकडा. तो तीन ठिकाणी लागतो.

तळाला त्यात १ मिळवा, तेवढ्या पट वजन चाकांवर येतं. त्रिज्या ६० ठेवली तर साडेतीन पट, ठीक. त्रिज्या ३० ठेवली तर सहा पटीच्या वर, स्लीपर सुटतील.

टेकडीच्या माथ्यावर हा आकडा १ आला की गाडी रुळावर नुसती तरंगते, खऱ्या पाळण्यात पोटात गोळा येतो तो इथं. आपल्या टेकडीला बाकी ३३, म्हणजे त्रिज्या ६६. त्याहून टोकदार केली तर गाडी वर उचलते आणि सगळा भार खालच्या चाकांवर जातो. चालतं, पण पहिल्या मॉडेलला नको.

वळणावर हा आकडा कल सांगतो, म्हणजे रूळ आतल्या अंगाला किती तिरका ठेवायचा ते. १ आला तर ४५ अंश, १.७ ला ६०, २.७ ला ७०, ३.७ ला ७५. आपलं वळण ३० सेंमी त्रिज्येचं, बाकी ४८, आकडा ३.२, म्हणजे ७० च्या थोडं वर. ऐकून लोक घाबरतात आणि ३० अंशच देतात, "जास्त तिरकं दिसतं" म्हणून. मग बाजूची चाकं रुळाला करवतीसारखी घासतात आणि गाडी वळणातून बाहेर येते तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतं. दिसू द्या तिरकं.

आणि एक, मॉडेल लहान आहे म्हणून हे आकडे कमी होत नाहीत. उंची आणि त्रिज्या दोन्ही सारख्याच प्रमाणात लहान झाल्या की भागाकार तोच राहतो. लहान मॉडेलमध्ये वाढतं ते फक्त घासण्याचं प्रमाण.

तपासा : कुठंही बाकी १० च्या खाली जात असेल तर ती टेकडी आत्ताच कमी करा. कागदावर खोडरबर लागतो, नंतर कानस.

## ४ : पाया आणि खांब

दाराचा पल्ला जमिनीवर टेकवू नका, स्टुलांवर किंवा विटांवर घ्या. आपल्या काळ्या जमिनीवरची घरं उन्हाळ्यात-पावसाळ्यात हलतात, फरशीलाही भेगा पडतात, आणि सारवलेली जमीन तर विचारूच नका. पल्ला लेव्हलमध्ये आणायला पाण्याची नळी सगळ्यात भारी. सलाईनची नळीही चालते, बुडबुडे मात्र काढून घ्या, एक बुडबुडा राहिला तरी माप खोटं.

रुळाची वाट पल्ल्यावर खडूनं पूर्ण मापात काढा. मग दर ३० ते ४० सेंमीला एक फुली, आणि प्रत्येक फुलीजवळ हिशोबातली उंची लिहा. पाईप त्या उंचीपेक्षा दोन सेंमी जास्त कापा, कमी नको, कमी पडलेला पाईप वाढवता येत नाही.

खांब ओळंब्यानं सरळ करा. तळाला आणि वळणाला एकेरी खांब पुरत नाही, तिरका टेकू द्या. हातानं खांबाचा शेंडा ढकलून बघा, दोन मिमीसुद्धा हलला तर गाडी जाताना तो झुलणार, आणि झुलणारा प्रत्येक खांब तुमच्या खात्यातून उंची चोरतो.

> सावधान : खांबाला ग्लू गन नको. मी एकदा सगळे खांब तिनंच चिकटवले, टिनाच्या शेडमध्ये, फेब्रुवारीत. एप्रिलच्या शेवटी दुपारी शेडमध्ये गेलो तर अर्धा कोस्टर दमलेल्या बैलासारखा एका अंगावर बसलेला. पारा ४५ ला गेला की टिनाखाली त्याहून जास्त होतं आणि तो ग्लू मऊ पडतो. पत्र्याचा क्लॅम्प आणि स्क्रू, नाही तर दोन डब्यांचं इपॉक्सी.

## ५ : रूळ

आधी प्लायचा साचा करा. प्लायच्या तुकड्यात ४० मिमीवर दोन खाचा, रुळाच्या दोन्ही सळ्या त्यात बसतील अशा. हे असे चार साचे लागतात. प्रत्येक स्लीपर साच्यात धरूनच सोल्डर करायचा, हातानं धरून नाही.

स्लीपर म्हणजे २.४ ची सळी, ३७ मिमीला कापलेली, दोन्ही टोकांना गोल कानसीनं खाच मारलेली म्हणजे रुळाच्या गोलाईला बसेल. ती दोन रुळांच्या मध्ये बसते, वर किंवा खाली नाही. रुळाची वरची, बाहेरची आणि खालची बाजू पूर्ण मोकळी राहिली पाहिजे, तिथं चाकं धावतात. मग १.६ च्या दोन सळ्या स्लीपरच्या मधल्या भागातून इंग्रजी व्ही सारख्या खाली, आणि त्यांच्या टोकाला तिसरी ३.१५ ची सळी रुळाला समांतर. ही तिसरी सळीच ताकद देते. मी सुरुवातीला तिच्याऐवजी ठिबकची १६ मिमीची नळी लावली होती, वाकायला सोपी म्हणून. वाकायला सोपी म्हणजे वाकतच राहिली.

सरळ भागात ६-८ सेंमीला एक स्लीपर, वळणात ४ ला.

वाकवायला घरातल्या गोल वस्तू : बादली, पिंप, मोठा डबा, कुकर. सळी सोडली की ती थोडी उलगडते, म्हणून पाहिजे त्यापेक्षा लहान गोलावर वाकवा आणि खडूच्या रेषेवर ठेवून बघा. एका जागी जोर देऊ नका, कोपरा पडतो आणि तो काही केल्या जात नाही. दोन्ही अंगठे सरकवत, पोळी लाटल्यासारखं.

इथली सगळ्यात मोठी चूक : दोन्ही रूळ सारख्या लांबीचे कापणं. वळणात बाहेरचा रूळ लांब लागतो. सपाट अर्ध्या वळणात, ४ सेंमी अंतर असेल तर, फरक साडेबारा सेंमी येतो. कल दिल्यावर कमी होतो पण राहतो. सारखे कापले तर स्लीपर तिरके पडत जातात आणि पिळ भलत्याच जागी येतो. आतला रूळ आधी बसवा, बाहेरचा लांबच ठेवा, आणि सगळं सोल्डर झाल्यावरच टोक कापा.

कल देताना एक रूळ जागेवर ठेवून दुसरा उचलायचा मोह होतो. नका. रुळाच्या थोडं वर, गाडीतल्या माणसाची छाती जिथं येईल तिथं एक रेघ आहे असं समजा आणि रूळ त्या रेघेभोवती फिरवा. नाही तर गाडी वळणात शिरताना आडवी फेकली जाते. कल हळूहळू आला पाहिजे, निदान २५-३० सेंमीच्या लांबीत.

सांधे : डाव्या आणि उजव्या रुळाचे सांधे एकासमोर एक आणू नका, पाऊण वितीनं मागंपुढं. सांधा स्लीपरवरच. टोकं कानसीनं गुळगुळीत, सोल्डरचा गोळा रुळाच्या माथ्यावर राहिला तर लगेच घासा.

> सावधान : सळीची मोकळी टोकं डोळ्यांच्या उंचीवर येतात. प्रत्येक टोकाला चिंधी किंवा रबरी बूच. चष्मा घाला, कापलेला तुकडा उडतो.

तपासा : दर दहा स्लीपर झाले की साचा रुळावरून हातानं सरकवत न्या. जिथं अडतो तिथं चूक. मग गाडी चढवा, बोटानं ढकला, कुठंही खेचून नेल्यासारखं वाटता कामा नये. आणि दिवसाच्या शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं सांधे पुसून कोरडे करा, फ्लक्सचं ॲसिड राहिलं तर आठ दिवसांत गंज.

## ६ : पुढची टेकडी आधी कापू नका

शिखर आणि पहिला उतार बसला. आता थांबा, आणि तळानंतरचा रूळ दुसऱ्या टेकडीच्या दिशेनं सरळ वर चढवत न्या, माथा न वळवता. टोकाला जुनी उशी बांधा. गाडी शिखरावरून हातानं सोडा.

ती कुठपर्यंत चढली तिथं खूण. पाच वेळा सोडा, पाच खुणा. त्यांतली सगळ्यात खालची घ्या, सगळ्यात वरची नको. पल्ल्यापासून तिची उंची म्हणजे त्या जागी तुमच्या खात्यातली खरी जमा. वहीत तिथं ७८ लिहिलंय आणि खूण ७० ला आली, तर पुढचा सगळा हिशोब ८ नं कमी करा, मग माथा वाकवा. मीटरला ५ धरलेले तुमच्या गाडीला नऊ-साडेनऊ असतील, काही बिघडत नाही, आकडा कळला ना.

असंच प्रत्येक टेकडीला आणि वळणानंतर. वेळ लागतो, पण एवढ्यामुळं अख्खा रूळ खोलावा लागत नाही.

खूण अपेक्षेपेक्षा फारच खाली आली, १५-२० सेंमी, तर रुळावर दोष आहे. अंधार करा, मोबाईलचा टॉर्च रुळाला समांतर धरा, गोळे आणि कोपरे सावलीनं उठून दिसतात. किंवा कान लावा. चांगला रूळ झिप् असा एकसारखा वाजतो, खट् वाजला तिथं सांधा.

## ७ : लिफ्ट

स्टेशन ४० वर, शिखर ९० वर, मधली ५० सेंमीची चढण ३० अंशात घेतली तर लिफ्ट बरोबर एक मीटरची. मोटर वरच्या टोकाला लावा, खाली नको, साखळीची भार घेणारी बाजू ताणलेली राहते. साखळीचं चाक ४ सेंमीचं असेल तर ३० आरपीएमला गाडी सेकंदाला ६ सेंमी चढते, १६-१७ सेकंदांत वर. लोक १०० आरपीएमची मोटर आणतात, मग खालची मण्यांची साखळी घसरते. हळू लिफ्ट, वर चढतानाचा तो टक्-टक् आवाज, मजा त्यातच आहे.

तो टक्-टक् येतो मागं न घसरण्याच्या दात्यांचा. लांब केबल टाय दोन रुळांच्या मध्ये दाते वर करून पक्का लावा आणि गाडीखाली पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकची बोटभर पट्टी लोंबती ठेवा, मागं झुकलेली. चढताना पट्टी दात्यांवरून घसरत जाते, उलटं आलं की अडते. हे नसेल आणि मध्येच लाईट, म्हणजे आपल्या बाबतीत बॅटरी, गेली तर गाडी उलटी स्टेशनातून निघून भिंतीवर.

> सावधान : बॅटरीच्या तारेत २ अँपिअरचा फ्यूज पाहिजेच. छोटी बॅटरी म्हणून हलक्यात घेऊ नका, शॉर्ट झाली तर तार लाल होते. साखळीवर झाकण करा, बारक्या पोरांची बोटं तिथंच जातात.

तपासा : गाडी लिफ्टच्या मधोमध असताना मोटर बंद करा. एक दाता मागं येऊन थांबली पाहिजे. दहा वेळा.

## ८ : ब्रेक

गाडीखाली ॲल्युमिनियमची उभी पट्टी, आणि ब्रेकच्या जागी रुळाच्या मध्ये समोरासमोर नियोडिमियम चुंबक (छोटे पण लय जोरदार), पट्टी त्यांच्या फटीतून जाईल असे. चुंबक ॲल्युमिनियमला ओढत नाही, पण पट्टी वेगानं गेली की तिच्यात वीज फिरते आणि ती गाडीला मागं धरते. घासणं नाही, झीज नाही. पण नीट समजून घ्या, वेग कमी होतो तसा हा ब्रेकही कमी होतो, म्हणून नुसत्या चुंबकानं गाडी पूर्ण कधीच थांबत नाही. शेवटच्या ८-१० सेंमीत जुन्या टूथब्रशचे दोन डोकी लावा, केस वर, गाडीच्या पोटाला हलके लागतील असे. हसू नका, सगळ्यात भरवशाचा तोच ब्रेक.

> सावधान : हे चुंबक लहान लेकरांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात, जिवावर बेततं. उरलेले मोजून कुलपात.

तपासा : ब्रेकच्या आधी एकमेकींपासून २० सेंमीवर दोन खुणा करा, मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या. वेग १.७ असेल तर मध्ये साधारण २८ फ्रेम जातात. २० च्या आत आल्या तर गाडी फार जोरात येतेय, चुंबक वाढवा. ५० च्या वर गेल्या तर ती कुठल्याही थंड सकाळी, तेल घट्ट झालं की, स्टेशनला पोचणार नाही. आमच्याकडं डिसेंबरात पहाटे ती खरंच पोचत नव्हती, ऊन पडलं की आपोआप पोचायची, आणि मी दोन दिवस रूळ घासत बसलो होतो.

## लूप पाहिजेच असेल तर

दुसऱ्या मॉडेलला करा. पुस्तकी हिशोबानं, काहीच घासत नाही असं धरलं तर, गोल लूपला सुरुवातीची उंची त्रिज्येच्या अडीच पट लागते. पण त्या हिशोबातही तळाला सहा पट वजन येतं, आणि तिथं चाकं एवढी दाबली जातात की आपल्यासारख्या गाडीचं खातं लूपच्या अर्ध्यातच रिकामं. म्हणून खऱ्या कोस्टरचे लूप गोल नसतात, पाण्याच्या उलट्या थेंबासारखे असतात, खाली त्रिज्या मोठी, वर लहान. तसाच करा. माथ्यावरची बाकी निदान तिथल्या त्रिज्येएवढी ठेवा. आणि लूप पहिल्या उतारानंतर लगेच, खातं भरलेलं असताना, शेवटी नाही.

## आणि कापूस

हे कुठं लिहिलेलं नसतं म्हणून सांगतो. दिवाळीनंतर घरात कापूस येऊन पडला की त्याचे तंतू हवेत फिरतात, खोलीत नसला तरी. ते बरोबर बेअरिंग आणि बोल्टच्या मध्ये जाऊन गुंडाळतात, आणि परवापर्यंत झकास फिरणारी गाडी दुसऱ्या टेकडीवर दम तोडते. रुळाला हात लावू नका, हिशोबही बदलू नका. गाडी काढा, दुसऱ्या पायरीतल्या त्या एक मीटरच्या रुळावर ठेवा (तो मोडू नका, कायम ठेवायचा असतो), अडीचचे चार झाले असतील तर चिमट्यानं बाराही बेअरिंगमधले तंतू काढा, तेलाचा एक-एक थेंब द्या आणि परत मोजा. अडीच आला की गाडी रुळावर.